मेंदूधुलाईचा वाद : पुरावा काय सांगतो?

(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



१८ नोव्हेंबर १९७८ रोजी दक्षिण अमेरिकेतील गयानाच्या अरण्यात, जोन्सटाऊन वसाहतीत, नऊशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत तीनशेहून अधिक मुले होती. जिम जोन्स या अमेरिकी धर्मोपदेशकाच्या आज्ञेवरून सायनाइड मिसळलेले पेय वाटण्यात आले होते. अनुयायांची 'मेंदूधुलाई' झाली होती, असा निवाडा भांडवली वृत्तपत्रांनी तत्काळ देऊन टाकला. हा निवाडा शास्त्राच्या कसोटीला उतरतो काय, हा आजचा विषय आहे.

हा शब्दच मुळात शीतयुद्धाच्या शस्त्रागारातला. एडवर्ड हंटर या अमेरिकी पत्रकाराने १९५० साली तो प्रचारात आणला. कोरियन युद्धानंतर २१ अमेरिकी युद्धकैद्यांनी मायदेशी परतण्यास नकार दिला, तेव्हा तो घरोघर पोचला. कोणी स्वतःच्या विचाराने अमेरिका नाकारील, ही कल्पनाच तेथील राज्यकर्त्यांना असह्य होती. रॉबर्ट लिफ्टन आणि एडगर शाइन यांचे या विषयावरील ग्रंथ १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. कैदेतील दडपण खरे होते आणि ते कठोरही होते. परंतु सुटकेनंतर बहुतेकांच्या मतांत टिकाऊ बदल राहिला नाही, असे त्यांतून दिसले. दुसरीकडे सी.आय.ए.ने १९५३ पासून 'एमके-अल्ट्रा' या नावाखाली अजाण माणसांवरही एल.एस.डी.चे प्रयोग केले. मनावर ताबा मिळवण्याची हुकमी युक्ती काही सापडली नाही, आणि १९७३ मध्ये बहुतेक कागदपत्रे नष्ट करण्यात आली.

पुढे हेच मेंदूधुलाईचे सूत्र नव्या धर्मपंथांना लावण्यात आले. मानसशास्त्रज्ञ मार्गारेट सिंगर त्याच्या प्रमुख पुरस्कर्त्या. त्याविरुद्ध ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांनी १९८४ च्या ग्रंथात कोरियाच्या सन म्युंग मून यांच्या कडव्या कम्युनिस्टविरोधी पंथाचा अभ्यास मांडला. १९७९ मध्ये लंडन परिसरातील शिबिरांना गेलेल्या सुमारे हजार जणांपैकी जवळजवळ नऊदशांश लोक पंथात गेलेच नाहीत. धुलाईचे यंत्र अमोघ असते, तर असे झाले नसते. १९८७ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने सिंगर यांच्या समितीचा अहवाल शास्त्रीय काटेकोरपणाच्या अभावी अमान्य केला. मात्र या प्रश्नावर ठाम भूमिका घेण्याइतकी माहिती हाती नाही, असेही सांगितले.

म्हणजे पंथ निर्दोष ठरले काय? मुळीच नाही. मूनच्या पंथाने विद्वानांच्या परिषदांवर पैसा खर्च केला होता, हेही विसरता येणार नाही. समाजशास्त्रज्ञ बेंजामिन झब्लॉकी यांनी वादाचे टोक फिरवले. माणूस आत कसा जातो यापेक्षा त्याला बाहेर का पडता येत नाही, हा खरा प्रश्न आहे, असे त्यांचे म्हणणे.

या प्रश्नाचे उत्तर भौतिक परिस्थितीत सापडते. जोन्सटाऊनमध्ये पासपोर्ट नेतृत्वाच्या ताब्यात होते. वृद्धांचे निवृत्तिवेतन संघटनेच्या तिजोरीत जात होते. वेशीवर सशस्त्र पहारा होता. घरदार विकून आलेल्याला परतीची वाट उरली नव्हती. यात जादू कसली? यातील प्रत्येक गोष्ट मोजता येते, सिद्ध करता येते आणि कायद्याने रोखता येते. मूनच्या पंथाने जपानमध्ये हजारो कुटुंबे नागवली. तेथे डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या कायद्याने देणगीसाठी कर्ज काढावयास किंवा राहते घर विकावयास लावणे निषिद्ध ठरवले. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचाही रोख श्रद्धेवर नसून अघोरी कृत्यांवर आहे. हीच दिशा योग्य होय. 'मेंदूधुलाई' हा गुन्हा ठरवला, तर उद्या तोच आरोप प्रत्येक संपकरी कामगारावर ठेवला जाईल.

एक कटू गोष्ट मात्र टाळून चालणार नाही. जोन्स स्वतःला समाजवादी म्हणवीत होता, आणि त्या मृत्यूंना त्याने 'क्रांतिकारक आत्महत्या' असे नाव दिले. त्याच्यामागे गेलेले बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय होते. वर्णभेदाला कंटाळून ते समतेच्या ओढीने आले होते. त्यांची ओढ खोटी नव्हती. जिथे प्रश्न विचारणारा द्रोही ठरतो, तिथे मात्र समाजवादाचे केवळ शब्द उरतात. म्हणून पंथांना लावायची कसोटी आधी स्वतःच्या संघटनेला लावावी लागते. हिशेब मागता येतो काय? नेत्याला चूक दाखवता येते काय? मतभेद झाल्यास ताठ मानेने बाहेर पडता येते काय? या तीन प्रश्नांना जी संघटना उघडपणे उत्तर देऊ शकते, तिलाच इतरांच्या गुरुबाजीविरुद्ध बोलण्याचा अधिकार आहे.