दुखण्याला टक्के किती?

(नागपुरातल्या एका वस्तीत तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



1938 साली मुंबईच्या विधिमंडळात 'हरिजन' या शब्दावरून बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी सभागृहातून उठून बाहेर पडले. देवाची लेकरं म्हणायचं आणि पाणवठ्याला शिवू द्यायचं नाही, हा कावा त्यांनी ओळखला होता. आता अपंगांना 'दिव्यांग' म्हणतात. अंग दिव्य झालं, पण कचेरीचा जिना होता तिथंच आहे. तरी अर्जावर तोच शब्द छापलाय. तो लिहायचा आणि हक्काचं घ्यायचं. शब्दाशी भांडण नंतर करू, सोडायचं नाही.

2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग मोजले गेले. लोकसंख्येच्या 2.21 टक्के. अनुसूचित जातींत हेच प्रमाण 2.45 टक्के आहे. हा फरक काय आभाळातून पडला? सातव्या महिन्यात डोक्यावर विटा वाहणाऱ्या बाईला विचारा. गटारात उतरणाऱ्याला विचारा.

पण आज मला बोलायचंय ते आपल्या विदर्भातल्या दुखण्याबद्दल. सिकलसेल. आदिवासींत आहे, आपल्या बौद्ध वस्त्यांत आहे. माझ्या धाकट्या बहिणीला आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि सांधे, पाठ, छाती अशी दुखते की माणूस गुरासारखा ओरडतो. चार दिवसांनी हीच पोरगी वेणी घालून कॉलेजात जाते. मग मास्तर म्हणतो, नाटकं करते. आई म्हणते, कुणाची तरी नजर लागली. नजर-बिजर काही नाही. आई वाहक, बाप वाहक, दोघंही धडधाकट, आणि प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. लग्नाआधी पत्रिका बघू नका, रक्त तपासा.

हे दुखणं दिसत नाही. तिथंच सगळी गोची आहे. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, त्यात सिकलसेल नव्हतं. 2016 च्या कायद्याने 21 प्रकार केले आणि सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया त्यात आले. आपल्या पोरांनी पेढे वाटले. मी म्हटलं, कलमं वाचा आधी.

कलम 32 काय म्हणतं? सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना किमान 5 टक्के जागा, वयात 5 वर्षांची सूट. सिकलसेलवाला यात बसतो. आता कलम 34 काढा. सरकारी नोकरीत 4 टक्के जागा. कुणाला? आंधळे, बहिरे, हातापायाने अधू, मग मतिमंद, मानसिक आजारी आणि त्यातलं एकाहून जास्त असलेले. रक्ताचे तिन्ही आजार यादीत नाहीत! म्हणजे बहिणीला कॉलेजात खुर्ची देणार, डिग्री देणार, आणि नोकरीच्या दारात सांगणार की बाई, तू अपंग आहेस पण एवढी नाहीस. संसदेने हे डोळ्यांदेखत केलंय. आपली मागणी साधी आहे : कलम 34 मध्ये रक्ताचे आजार घाला. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन 1 जुलै 2023 ला सुरू झालं, 2047 पर्यंत चालणार. चांगलंय. पण आज जी पोरं जिवंत आहेत त्यांच्या भाकरीचं काय?

आता पैशाचं. केंद्राची अपंग पेन्शन महिना 300 रुपये, तीही 80 टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं नाव असेल तर. दिवसाला दहा. चहा येतो, पाव येत नाही. राज्याची संजय गांधी निराधार योजना 1980 पासून आहे. कलम 24 सांगतं की अपंगाची मदत तशाच योजनेतल्या इतरांपेक्षा किमान 25 टक्के जास्त हवी. आणि 2023 पासून आपल्याकडे विधवेला 1500, अपंगालाही 1500! कायदा कपाटात, सरकार खुर्चीत. 2025 मध्ये अपंगांचे 2500 करायचं ठरलं, ते भांडून-ओरडून. पण अट बघा : कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 50,000 च्या आत. म्हणजे अख्ख्या घराचे दिवसाला 137 रुपये. बाप हमाली करत असेल तर तो 'श्रीमंत' ठरतो. तलाठ्यासमोर माणसाला खोटं बोलायला लावणारी ही योजना आहे, आणि मग हेच लोक म्हणणार, वस्तीवाले खोटारडे.

कागदाचं सांगतो, कारण रागावून कागद होत नाही. यूडीआयडी कार्डाशिवाय कुठलंच दार उघडत नाही. अर्ज ऑनलाइन, तपासणी सरकारी दवाखान्यात. 2024 च्या नियमांनी कार्डावर रंगाचे पट्टे आले : 40 टक्क्यांखाली पांढरा, 40 पासून 80 च्या आत पिवळा, त्यावर निळा. पांढरा मिळाला तर आरक्षण नाही. म्हणून सिकलसेलवाल्यांनी किती वेळा भरती झालो, किती बाटल्या रक्त चढलं, याचा कागद न् कागद जपायचा. बहिणीची डिस्चार्जची चिठ्ठी एका दवाखान्यात दोनदा हरवली, आता मी तिथल्या तिथे झेरॉक्स काढतो. डॉक्टरला त्या दिवशी हसरी पोरगी दिसते, दुखणं कागदातच दिसतं. टक्के कमी लावले तर कलम 59 खाली अपील करा.

आणि एक गैरसमज. पोरं विचारतात, जातीचा दाखला दिला तर अपंगाचा बाद होतो का? नाही. मंडल खटल्याच्या 1992 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अपंगांचं आरक्षण आडवं आहे, जातीचं उभं. दोन्ही दाखले लावा. तिथे बसलेला बाबू 'एकच ठेवा' म्हणाला तर त्याच्याकडून तसं लिहून मागा. लिहून देत नाही तो. कधीच देत नाही.

रविवारी सकाळी दहाला इथेच बसू. आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला, दवाखान्याचे कागद आणि दोन फोटो घेऊन या. ज्यांना चालवत नाही त्यांची नावं आत्ताच सांगा, आम्ही घरी येऊ.