संशोधनाचे मोल आणि उद्धरणांचे माप



संशोधकाची योग्यता कशी ठरवावी, हा प्रश्न आता केवळ विद्वानांपुरता राहिलेला नाही. अध्यापकांची नेमणूक, बढती आणि संशोधनाचे अनुदान यांचे निर्णय घेताना तो उभा राहतो. आणि अनुदानाचा मोठा भाग जनतेच्या पैशातून येतो. यासाठी दोन मापे सर्रास वापरली जातात : शोधनिबंधांची संख्या, आणि इतर संशोधकांनी त्या निबंधांचा आधार किती वेळा घेतला याची, म्हणजेच उद्धरणांची संख्या. या मापांची शक्ती आणि मर्यादा रोगप्रतिकारशास्त्रातील एका उदाहरणावरून पाहू.

कोंबडीच्या आतड्याच्या शेवटच्या टोकाशी एक लहानशी पिशवी असते. फॅब्रिशियस या इटालियन शरीरशास्त्रज्ञावरून तिला ‘फॅब्रिशियसची बुर्सा’ असे नाव पडले. तिचे कार्य मात्र कित्येक शतके अज्ञात होते. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात ब्रूस ग्लिक या तरुण संशोधकाने पिलांच्या शरीरातून ती काढून पाहिली. त्यांचे सहकारी टिमथी चँग यांना रक्तात प्रतिपिंडे कशी निर्माण होतात याचे प्रात्यक्षिक वर्गात दाखवायचे होते. त्यांनी ग्लिक यांच्याकडील कोंबड्या घेतल्या. पण प्रात्यक्षिक फसले. बुर्सा काढलेल्या बहुतेक कोंबड्यांत प्रतिपिंडे निर्माणच झाली नव्हती!

या शोधावरील निबंध ‘सायन्स’ या प्रतिष्ठित नियतकालिकाने नाकारला. १९५६ साली तो ‘पोल्ट्री सायन्स’ या कुक्कुटविज्ञानाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रोगप्रतिकारशास्त्राचे अभ्यासक तेथे सहसा फिरकत नसत. १९६५ साली मिनेसोटा विद्यापीठात मॅक्स कूपर, रॉबर्ट गुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या शरीरात संरक्षणाच्या दोन स्वतंत्र व्यवस्था असल्याचे सिद्ध केले : एक थायमस ग्रंथीवर आणि दुसरी बुर्सावर अवलंबून असलेली. प्रतिपिंडांचा उगम ज्यांच्यापासून होतो त्या ‘बी’ पेशींचे नाव याच बुर्सावरून आले. मनुष्याला बुर्सा नसते. तिचे कार्य अस्थिमज्जा करते. गावच्या आरोग्य केंद्रात बालकाला लस टोचल्यावर प्रतिपिंडे निर्माण होतात ती याच पेशींच्या द्वारे.

आता मापांकडे वळू. युजीन गारफील्ड यांच्या फिलाडेल्फिया येथील संस्थेने १९६४ साली विज्ञानातील उद्धरणांची सूची प्रसिद्ध केली. कोणता विचार कोठून कोठे गेला, हे शोधण्यासाठी ती फार उपयुक्त ठरली. तीतूनच नियतकालिकाचा ‘प्रभाव गुणक’ निघाला. मागील दोन वर्षांतील लेखांना चालू वर्षी मिळालेली उद्धरणे, भागिले त्या लेखांची संख्या, असे हे साधे गणित आहे. ते नियतकालिकाची सरासरी सांगते. एखाद्या लेखाचे मोल सांगत नाही. शिवाय त्याची मुदत दोनच वर्षांची. ग्लिक यांच्या निबंधाचा खरा अर्थ नऊ वर्षांनी उलगडला; त्यानंतरचे एकही उद्धरण या हिशेबात आले नसते.

२००५ साली भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी ‘एच-निर्देशांक’ सुचविला. ज्याच्या वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस उद्धरणे मिळाली, त्याचा निर्देशांक वीस. येथेही निबंध कितीही युगप्रवर्तक असला तरी तो निर्देशांकात एकाहून अधिक भर घालू शकत नाही. त्याखेरीज रोगप्रतिकारशास्त्रासारख्या मोठ्या आणि वेगवान शाखेत उद्धरणे भराभर मिळतात, तर वनस्पतींच्या वर्गीकरणासारख्या शाखेत ती सावकाश येतात. आढावा घेणारे लेख अधिक उद्धृत होतात. चूक दाखविण्यासाठी केलेला उल्लेखही गणनेत धरला जातो. म्हणून दोन शाखांतील संशोधकांची आकड्यांनी तुलना करणे म्हणजे ज्वारी आणि ऊस एकाच मापाने मोजणे होय.

उद्धरणे निरर्थक आहेत, असा याचा अर्थ नव्हे. निबंध वाचला गेला, उपयोगी पडला, याची ती साक्ष आहेत. परंतु साक्ष म्हणजे निकाल नव्हे. सॅन फ्रान्सिस्को येथे २०१२ साली तयार झालेल्या जाहीरनाम्यानेही व्यक्तीचे मूल्यमापन नियतकालिकाच्या गुणकावरून करू नये, असेच सांगितले आहे.

निवड समित्यांवर काम करणाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की उमेदवाराला त्याचे उत्तम असे दोन-तीन निबंध निवडावयास सांगावे, ते त्या विषयाच्या जाणकाराकडून वाचून घ्यावेत, आणि आकडे नंतर पाहावेत. यास वेळ लागेल. पण निबंधांच्या संख्येवर पद मिळू लागले, तर संख्याच वाढेल, ज्ञान वाढणार नाही. लहान गावातील महाविद्यालयात चिकाटीने एकच प्रश्न धरून बसलेल्या अध्यापकाला न्याय मिळायचा असेल, तर त्याचा निबंध कोणीतरी उघडून वाचला पाहिजे.