शिक्षण हमी पत्रक आणि संगणकावरील भरता येणारा नमुना



सिंदफणेच्या काठी वसलेला शिरूर कासार हा बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांचा तालुका होय. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील कितीतरी कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि त्यांच्याबरोबर शाळेतील मुलेही जातात. अशा मुलाला परगावच्या शाळेत सामावून घेतले जावे, म्हणून मूळ शाळेने त्याला शिक्षण हमी पत्रक द्यावयाचे असते. जी मुले मागे राहतात, त्यांच्या हंगामी वसतिगृहासाठी याद्या कराव्या लागतात. म्हणजे एकाच मुलाचे नाव दोन-तीन कागदांवर लिहिणे आले, आणि तेही मुकादमाची गाडी दारात येऊन उभी राहिलेली असताना! छायाप्रतीची छायाप्रत काढून पुसट झालेल्या नमुन्यावर घाईने लिहिलेले नाव परगावच्या शिक्षकाला लागत नाही. आडनावातील एक अक्षर बदलले, की परत आल्यावर तेच मूल जुन्या नोंदीशी जुळत नाही.

यावर एक बिनखर्चाचा उपाय आहे. लिबरऑफिस हा मुक्तस्रोत प्रोग्रॅमसंच २०१० पासून कोणालाही विनामूल्य मिळतो. केंद्र शासनानेही २०१५ साली शासकीय कामात मुक्तस्रोत प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आहे. या संचातील रायटरमध्ये पत्रकाचा मजकूर नेहमीप्रमाणे टंकलिखित करावा. मग ‘फॉर्म’ या मेनूतून, जेथे नाव यावयाचे तेथे ‘टेक्स्ट बॉक्स’, होय-नाहीच्या जागी ‘चेक बॉक्स’ आणि इयत्तेसाठी ‘लिस्ट बॉक्स’ ठेवावा. इयत्ता यादीतून निवडावयाची असली, म्हणजे कोणी ‘४ थी’ तर कोणी ‘चौथी’ लिहिण्याचा घोळ उरत नाही. प्रत्येक चौकटीला तिच्या गुणधर्मांत स्वतःचे नाव द्यावे. शेवटी ‘एक्सपोर्ट अ‍ॅज पीडीएफ’ निवडून ‘क्रिएट पीडीएफ फॉर्म’ यापुढे खूण असल्याची खात्री करून घ्यावी. तेथेच चौकटींची नावे पुन्हा वापरू देण्याचा पर्याय आहे. तो निवडला आणि मूळ पत्रकावरील व स्थळप्रतीवरील नावाच्या चौकटींना एकच नाव दिले, की एका ठिकाणी लिहिलेले दुसरीकडे आपोआप उमटते.

पीडीएफ हा प्रकार अडोबी कंपनीने १९९३ साली आणला आणि २००८ साली तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. मात्र त्या कंपनीच्या विनामूल्य रीडरमध्ये भरलेला मजकूर पूर्वी सहसा जतन होत नसे. छापून घ्यावा, एवढेच. २०१२ च्या अकराव्या आवृत्तीपासून ही अडचण गेली. आज ओक्युलर हा मुक्तस्रोत प्रोग्रॅम आणि फायरफॉक्सही नमुना भरून जतन करू देतात. शिरूर कासारसारख्या ठिकाणी खरा उपयोग या जतन करण्याचाच आहे. मुलाचे नाव, जन्मतारीख, रजिस्टर क्रमांक हे सर्व ऑगस्टमध्येच, जनरल रजिस्टर समोर ठेवून, स्वस्थपणे भरता येते. फाइलला रजिस्टर क्रमांकाचेच नाव द्यावे आणि कोरा नमुना वेगळा राखावा. गाडी निघताना फक्त जाण्याचे गाव व तारीख घालून पत्रक छापले, सही-शिक्का केला, की झाले. इंटरनेट नसले तरी काम अडत नाही.

दोन गोष्टींची खबरदारी मात्र हवी. मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हे होऊन बसते. दुसरे असे, की भरलेल्या चौकटीत काही प्रोग्रॅम मराठी जोडाक्षरे फोडून दाखवतात. म्हणून नमुना वाटण्यापूर्वी ‘ज्ञानेश्वर’, ‘कृष्णा’, ‘लक्ष्मी’ अशी नावे भरून, जतन करून, फाइल पुन्हा उघडून व छापून पाहावी. जेथे अक्षर फुटेल तेथे दुसरा फॉन्ट किंवा दुसरा प्रोग्रॅम घ्यावा. भ्रमणध्वनीवर अशा चौकटी पुष्कळदा भरताच येत नाहीत, तेव्हा हे काम शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या संगणकावरच करावे. बाहेरच्या दुकानात केल्यास मुलांची माहिती त्या संगणकावर मागे राहू देऊ नये. रायटरमधील मूळ फाइलही जपून ठेवावी. पुढील वर्षी नमुन्यात एखादा रकाना वाढला, तर दुरुस्ती तिच्यातच करावयाची आहे.