अठरावे वर्ष आणि समाजाची जबाबदारी

घरचा मुलगा अठरा वर्षांचा झाला म्हणून त्याला सहसा कोणी उंबरठ्याबाहेर काढत नाही. बालगृहातील मुलाला मात्र त्या वयात बाहेर पडावे लागते. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात एकविसाव्या वर्षापर्यंत आर्थिक व अन्य साहाय्याची तरतूद आहे. परंतु कलम ४६ ची भाषा ‘देता येईल’ अशी आहे, ‘दिलेच पाहिजे’ अशी नव्हे. महाराष्ट्राने २०१८ साली अनाथांना शिक्षणात व शासकीय नोकऱ्यांत एक टक्का आरक्षण दिले, हे स्वागतार्हच. पण त्या जागेपर्यंत पोहोचेतो खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे कोणी भरावयाचे? दया ऐच्छिक असते, हक्क नव्हे. म्हणून कायद्यातील ते ऐच्छिक क्रियापद बदलावे, ही मागणी आता गावोगाव मांडली गेली पाहिजे.