साडेचारशे वर्गणीदारांचे मासिक

अर्थशास्त्र न शिकलेल्या माणसाने समाजवादावर बोलावे की नाही? हा प्रश्न स्वतःलाच विचारला होता थोर शास्त्रज्ञ आल्बर्ट आइन्स्टाईन यांनी. उत्तरही त्यांनीच दिले : बोलावे. माणसांनी एकत्र कसे जगावे, हे काही एकट्या तज्ज्ञांनी ठरवायचे नाही. त्यांचा हा लेख मे १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘मंथली रिव्ह्यू’ या समाजवादी मासिकाच्या पहिल्याच अंकात आला.

मासिक ते केवढे! सुरुवातीचे वर्गणीदार अवघे ४५०. लिओ ह्युबरमन आणि पॉल स्वीझी हे दोघे संपादक. साहित्याचे प्राध्यापक एफ. ओ. मॅथिसन यांनी पैशांची मदत केली, म्हणून ते निघाले. त्या काळी अमेरिकेत समाजवादाचे नाव काढले तरी माणूस संशयात सापडे. १९५४ साली स्वीझी यांनी न्यू हॅम्पशायर विद्यापीठात व्याख्यान दिले. राज्याच्या महाधिवक्त्याने त्यांना बोलावून विचारले, विद्यार्थ्यांना काय सांगितलेत? स्वीझींनी उत्तर नाकारले. कोर्टाच्या बेअदबीबद्दल ते दोषी ठरले. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५७ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. मीही रोज वर्गात उभा राहणारा माणूस. या निकालाचे मोल मला वेगळे सांगायला नको.

पण पुन्हा त्या पहिल्या लेखाकडे वळू. आइन्स्टाईन यांनी समाजवादाची बाजू घेतली, आणि शेवटी त्यालाच एक अवघड प्रश्न टाकला. सारी सत्ता एका ठिकाणी गोळा झाली, तर अंमलदार शिरजोर होणार नाहीत, साध्या माणसाचा हक्क बुडणार नाही, याची तजवीज काय? सरकारी कचेरीत खेपा घातलेल्या शेतकऱ्याला हा प्रश्न समजावून द्यावा लागत नाही. समाजवादी मासिकाने तो पहिल्याच अंकात छापला, ही मोठी गोष्ट होय.

ह्युबरमन १९६८ साली गेले, स्वीझी २००४ साली. मासिक मात्र चालू राहिले.

गुरुजी, आपल्या शाळेच्या वाचनालयात एकमेकांशी न पटणारी दोन तरी मासिके ठेवा. मुले दोन्ही वाचतील आणि मग तुम्हालाच प्रश्न विचारतील. तेव्हा रागावू नका बरे!