झाड उभे असते मातीवर
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



तालुक्याच्या गावी आपण बाजाराला येतो, कचेरीत खेटे घालतो आणि दुपारची भाकरी सोडतो ती बागेतल्या कडुलिंबांखाली. गेल्या वळवात त्यांतला एक लिंब उन्मळला. लोक म्हणाले, वारा जबर होता. आम्ही जवळ जाऊन पाहिले. उताराकडच्या मुळ्या वीतभर उघड्या. माती कधीच वाहून गेली होती. वाऱ्याने शेवटचा धक्का तेवढा दिला.

माती गेली कशी? पडलेला पाला रोज झाडून जाळला. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी गवत मेले, जमीन टणक झाली. उघड्या मातीवर टपोरा थेंब आदळला की ढेकूळ फुटते, बारीक कणांनी छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही आणि माती घेऊन उताराने पळते. हे आपल्याला कुणी साहेबाने शिकवायला नको. १९७२ च्या दुष्काळात बांधबंदिस्तीच्या कामावर घमेली उचलली ती आपल्याच घरच्या माणसांनी.

राहिलेल्या झाडांना सिमेंटचे ओटे बांधा, असे काहीजण सुचवतात. ओट्याने मुळांचे पाणी आणि हवा दोन्ही तुटतात. दिल्लीत २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने झाडांभोवतीचे १ मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला लावले, ते उगाच नव्हे.

मग करायचे काय? झाडाच्या खालच्या अंगाला, बुंध्यापासून लांब, दगडांचा अर्धचंद्र रचायचा. त्यासाठी मोठी मुळे तोडायची नाहीत. उघड्या मुळ्यांवर भुसभुशीत माती दोन बोटेच पसरायची. ढीग लावला तर साल कुजते. वर चार बोटे पाल्याचे आच्छादन, बुंधा मात्र वीतभर मोकळा. ओघळ पडली असेल तिथे आडवी वाळ्याची ओळ. माणसांसाठी एक वाट आखून द्यायची, म्हणजे बाकीची जमीन तुडवली जाणार नाही.

आम्ही अर्ज दिला. उत्तर मिळाले, काम करायला हरकत नाही, पण पैशाची तरतूद नाही. नसू द्या. दगड ओढ्यात आहेत, पाला बागेतच पडतो आहे. मृगाच्या आधीच्या बाजाराला प्रत्येक गावाने एक फावडे आणि दोन घमेली आणावीत, एकेक झाड वाटून घ्यावे.

त्या सावलीत आपण आजवर फुकट बसलो. एक दिवस तिचे देणे फेडू.