भुसा दिसतो, धूळ दिसत नाही

आज सुतारकामाबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, हा तर पुरुषांचा विषय. पण दिवसभर मशीन कोण चालवतं आणि संध्याकाळी दुकान कोण झाडतं, ते आठवा. आमच्या राजापेठेत काय किंवा तुमच्या गावात काय, सुताराचं दुकान पुष्कळदा घरालाच लागून असतं. पुढे कटर चालतं, मागे भाकरी थापली जाते आणि मधल्या दारातून लेकरं ये-जा करतात.

हातकरवत आणि रंधा होता तोवर ढलप्या आणि जाड भुसा पडायचा. तो जड, पायाशीच बसायचा. आता गोल करवत आली, राउटर आला, पॉलिशपेपरची मशीन आली. यांची धूळ पिठाहून बारीक. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. या धुळीतले कितीतरी कण १० मायक्रॉनहूनही लहान असतात. ते तासन् तास हवेत तरंगतात. पाहायचं असेल तर मशीन बंद झाल्यावर अर्ध्या तासाने दिवे मालवा आणि अंधारात टॉर्च लावा. उजेडाच्या पट्ट्यात जे नाचताना दिसतं, ते आपण श्वासातून आत घेतो.

मेळघाटातलं सागवान म्हणजे आपल्याकडचा अभिमान, पण त्याच्या धुळीने काहींच्या अंगाला खाज सुटते. शिसवीच्या धुळीनेही तसंच होतं. नाक चोंदणं, जुना खोकला, दमा हे नेहमीचे त्रास. इंग्लंडमध्ये हाय विकम नावाचं खुर्च्या-टेबलं बनवणारं गाव आहे. तिथे एस्मे हॅडफिल्ड या नाक-कान-घशाच्या डॉक्टर बाई होत्या. नाकाच्या आतला एक दुर्मीळ कर्करोग फर्निचर कामगारांतच जास्त दिसतो, हे त्यांच्या आणि सोबतच्या डॉक्टरांच्या ध्यानात आलं, आणि १९६८ साली त्यांनी ते छापून जगापुढे मांडलं. पुढे १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनेही लाकडाच्या धुळीची नोंद कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. घाबरू नका, हा रोग फार थोड्यांना होतो आणि बहुतेकदा कित्येक वर्षं धूळ खाल्ल्यावर होतो. पण म्हणूनच आज काही होत नाही म्हणून स्वस्थ बसता येत नाही.

मग करायचं काय? धूळ जिथे उडते तिथेच ओढून घ्यायची. इथे लोकांचा अंदाज चुकतो. दुकानाच्या कोपऱ्यात मोठा पंखा लावला की काम झालं, असं वाटतं. दिवा हातभर अंतरावरून फुंकून विझतो, पण श्वास आत ओढून विझवून दाखवा बरं! ओढ लांब पोचत नाही. पाइपाच्या तोंडापासून पाइपाच्या रुंदीइतकं दूर गेलं की ती जेमतेम एक-दशांश उरते. म्हणून पाइपाचं तोंड करवतीच्या पात्याला जितकं जवळ नेता येईल तितकं न्यावं. पाइप आखूड आणि सरळ ठेवावा. वळणं आणि वळ्यावळ्यांचा लांब पाइप ओढ खाऊन टाकतात.

ओढलेली धूळ थेट कापडी पिशवीत सोडली तर जाड भुसा अडकतो आणि बारीक धूळ कापडातून गाळून परत खोलीतच येते. ही पिशवी दुकानाबाहेर, आडोशाला टांगावी. त्याहून बरं म्हणजे मधे झाकणाचा ड्रम आणि त्यावर उभट नरसाळं बसवायचं. आत हवा वावटळीसारखी फिरते. जड कण कडेला आपटून खाली ड्रममध्ये पडतात आणि हलकी हवा वरून निघून जाते. आपण सुपाने उफणतो ना, दाणा एकीकडे, फोल दुसरीकडे, तसंच. ड्रमचं झाकण मात्र घट्ट हवं. फट राहिली की सगळा खेळ बिघडतो.

उन्हाळ्यात आपल्या वऱ्हाडात कूलरशिवाय भागत नाही. दुकानातला कूलर घराच्या दिशेने वारा फेकत असेल, तर सगळी धूळ स्वयंपाकघरात. कूलर घराकडच्या बाजूला, वारा रस्त्याकडे आणि समोर बाहेर फेकणारा पंखा, अशी मांडणी करा. मधल्या दाराला ओलसर जाड पडदा लावला तरी फरक पडतो.

आता झाडण्याचं. कोरडा झाडू म्हणजे बसलेली धूळ पुन्हा नाकाजवळ आणणं. आधी थोडं पाणी शिंपडा किंवा ओल्या फडक्याने पुसा. तोंडाला पदर बांधून ही धूळ अडत नाही. नाकावर घट्ट बसणारा एन-९५ किंवा एफएफपी-२ मास्क हवा. ड्रम रिकामा करतानाही तोच घाला, आणि तेव्हा लेकरांना दूर ठेवा. कामाचे कपडे अंगणात बदलायला लावा, घरात झटकू देऊ नका. आणि दुकानात बिडी नको, उदबत्ती नको. बारीक धूळ हवेत भरली की ठिणगीने भडका उडू शकतो.

बचत गटाकडून मशीनसाठी कर्ज मागायला येतात, तेव्हा धूळ ओढायचा खर्च अर्जात आहे का, ते विचारा. नंतर घेऊ म्हटलेली वस्तू क्वचितच येते.

साठलेला साध्या लाकडाचा भुसा भुशाच्या शेगडीला चालतो. प्लायवूड आणि एमडीएफचा मात्र चुलीत घालू नका. त्यात रासायनिक डिंक असतो आणि त्याचा धूर डोळ्यांना झोंबतो, छातीला बाधतो. त्याची पिशवी वेगळी बांधून ठेवा.